महिरपी कंस

घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, असे मुले निबंधात लिहितात आणि आम्ही शिक्षक त्याखाली लाल शाईने 'छान' असा शेरा मारतो. मला स्वतःला मात्र तसे कधी वाटले नाही. घर म्हणजे ठेवण्याच्या जागा. आईच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात उतरंड होती. तळाच्या मडक्यातले काही हवे असले, तर वरची मडकी एकेक करून खाली घ्यावी लागत. म्हणून रोज लागणारी वस्तू आई तळाशी कधी ठेवत नसे. मिसळणाच्या डब्याची तऱ्हा वेगळी. तिथे उतरवणे नाही, शोधणे नाही. मोहरी म्हटली की हात मोहरीच्याच वाटीत पडायचा, दिवे गेलेले असले तरी. कोणती वस्तू कशात ठेवावी, हे आईला कुणी शिकवले नव्हते. वस्तू पुढे कशी लागणार आहे, यावरून ती कशात ठेवायची ते ठरते, एवढे एकच शास्त्र तिला ठाऊक होते आणि ते तिला जन्मभर पुरले.

हे शास्त्र मी चाळिशी उलटल्यावर पुन्हा शिकले, आणि तेही संगणकापुढे बसून. दहावीनंतर गणिताच्या पुस्तकाशी माझा संबंध उरला नव्हता. मुलांना मराठी शिकवावे आणि सुटीत कादंबरीची पाने काळी करावीत, यापलीकडे मी कधी गेले नाही. पण माझी भाची इंजिनियरिंगला आहे. दिवाळीच्या सुटीत ती आली, आणि हजेरीच्या, फीच्या, सहलीच्या वह्यांचा माझा ढीग पाहून म्हणाली, "मावशी, अगं हे सगळं तू अजून हातानं करतेस? चल, तुला पायथॉन शिकवते."

"अजगर?" मी विचारले.

ती खूप हसली. अजगराशी या भाषेचा संबंध नाही, हे मला तेव्हा कळले. गिडो व्हान रॉसम नावाच्या एका डच गृहस्थांनी १९८९ सालच्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत वेळ कसा घालवावा म्हणून ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांच्या हाती दिली. नाव दिले ते दूरदर्शनवरच्या एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. मला हा माणूस एकदम जवळचा वाटू लागला. सुटीत मी कादंबरी लिहिते तेव्हा नातेवाईक हसतात. याने तर सुटीत अख्खी भाषा लिहिली!

भाषा म्हटल्यावर मला वाटले, आधी व्याकरण येईल, मग क्रियापदे येतील. भाचीने सुरुवात केली ती भांड्यांपासून. चार भांडी. ती या भाषेच्या अंगचीच आहेत, बाहेरून कुठून आणावी लागत नाहीत. यादी, टपल, कोश आणि संच. यांतल्या टपलला मराठी नाव मला अजून सापडलेले नाही. प्रत्येकाची ओळख कंसावरून. यादीला चौकटी कंस, टपलला गोल कंस आणि उरलेल्या दोघांना महिरपी कंस.

महिरपी कंस हे नाव मला लहानपणापासून आवडते. शाळेत गणिताच्या बाई फळ्यावर तो कंस काढीत तेव्हा मला पाटाभोवतीची, ताटाभोवतीची रांगोळीची महिरप आठवायची. आत जे काही असेल त्याचा मान राखण्यासाठीच जणू ती काढलेली असते. त्या महिरपीने मला पुढे कशी अद्दल घडवली, तेच आज सांगायचे आहे.

यादी सोपी होती. यादी म्हणजे आमचा हजेरीपट. एकाखाली एक नावे, आणि ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने राहणारी. एकच नाव दोनदा आले तरी यादीची तक्रार नसते. शेवटी नवे नाव जोडता येते, शेवटचे काढून घेता येते. असे जोडत आणि काढत राहिले की यादीची झाली उतरंड. एकच गोष्ट मला पटेना. पहिल्या मुलाचा क्रमांक एक नाही, शून्य! बेचाळीस मुलांची यादी असावी आणि बेचाळिसावा क्रमांक मागितला की यंत्राने म्हणावे, असा कुणी नाही.

"पहिल्याला शून्य कसं म्हणायचं गं?" मी कुरकुरले.

"मावशी, तो नंबर नाहीच. सुरुवातीपासून किती पावलं चालायचं, ते आहे. पहिल्याकडे जायला किती पावलं?"

मला नागपूरचा शून्य मैलाचा खांब आठवला. जिथून मोजायचे तिथे शून्यच असणार. पटले.

टपल म्हणजे लिहून झाल्यावर बदलायचे नाही, असे. यादीत खाडाखोड चालते, इथे नाही. भाचीने उदाहरण दिले ते कुठल्याशा नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांचे. मला आठवले ते शाळेचे जनरल रजिस्टर. जन्माचा दिवस, महिना आणि साल. एकदा नोंद झाली की मुख्याध्यापकांनासुद्धा आपल्या मनाने तिथे हात लावता येत नाही.

कोश पाहिला आणि मी हरखून गेले. हा तर मिसळणाचा डबा! यात प्रत्येक वस्तूला एक किल्ली असते. किल्ली सांगितली की वस्तू हातात. यादीतले नाव शोधायचे तर यंत्राला वरून खाली एकेक नाव बघत जावे लागते. कोशात ते किल्लीवरूनच एक आकडा काढते आणि त्या आकड्यावरून थेट खणापाशी जाते. माणसे चाळीस असोत की चाळीस हजार, त्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून किल्ली न बदलणारी हवी. किल्ली बदलली तर आकडा बदलेल, आणि ठेवलेली वस्तू आपल्याच घरात हरवेल. टपल किल्ली होऊ शकते, यादी होऊ शकत नाही, ते याचसाठी. आणि शेवटचा संच. तो आम्ही शाळेत शिकलो होतो तसाच. त्यात एक वस्तू एकदाच. दहा वेळा घातली तरी एकदाच. पहिली कोण, दुसरी कोण, हा प्रश्न तिथे नाही.

भाची सुटी संपवून गेली. मी मात्र रोज रात्री तासभर बसू लागले. चौकटी आणि महिरपींना देवनागरी नावे देता येतात, हे कळल्यावर तर मला लिहितानाचाच आनंद होऊ लागला. आज्ञा इंग्रजी, पण यादीला 'यादी' म्हणावे आणि मुलांना त्यांच्या नावांनी हाक मारावी. डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल ठरली. मुले बेचाळीस, वर्गणी माणशी चारशे रुपये. दोन हप्त्यांत दिली तरी चालेल, असे सांगितले होते. मी मोठ्या उमेदीने एक कोश केला. किल्ली म्हणजे मुलाचे नाव, आत त्याने भरलेले पैसे. कादंबरीकार बाईला याहून सुंदर व्यवस्था कोणती वाटणार? क्रमांकांवर माझा पहिल्यापासून राग. नंबर एक, नंबर दोन अशी हजेरी मी कधी घेतली नाही. माणसाला आकडा लावला की माणूस पुसला जातो, असे मी माझ्या एका कादंबरीतल्या पात्राच्या तोंडीही घातले आहे. माझ्या कोशात आकडा नव्हता. महिरपीत सगळी नावे होती.

आमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत. खरे नाव लिहीत नाही. दोघींनाही इथे सायली म्हणते. मुले त्यांना थोरली सायली आणि धाकटी सायली म्हणतात, मीही तसेच म्हणते. पण टंक करताना थोरली-धाकटी कोण लिहितो? थोरलीने पहिल्याच दिवशी चारशे रुपये आणले. मी लिहिले, सायली, चारशे. पुढच्या सोमवारी धाकटीने दोनशे आणले. मी लिहिले, सायली, दोनशे.

यंत्र काही बोलले नाही.

गुरुवारी मी बाकी असलेल्यांची नावे वाचली. "सायली, तुझे दोनशे राहिलेत." धाकटी त्या दिवशी तापाने घरी होती. पहिल्या बाकावरची थोरली उभी राहिली. तिने तोंड उघडले, आणि मिटले. मी घाईत होते. म्हटले, "उद्या आण हं." तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने दोनशे रुपये आणून दिले. दहा-दहाच्या आणि वीस-वीसच्या नोटा होत्या. मी त्या मोजून घेतल्या आणि कोशात लिहिले, सायली, चारशे.

शनिवारी संध्याकाळी मी रोकड मोजली. सोळा हजार आठशे. बेचाळीस गुणिले चारशे, सोळा हजार आठशे. तोंडचा हिशेब चोख जमला. इथे मी थांबले असते, तर कुणाला काही कळले नसते, आणि मलाही नाही. पण नवशिक्याला आपले यंत्र हाती घेण्याची हौस असते. मी कोशाला बेरीज विचारली. सोळा हजार चारशे. चारशेंचा फरक. कोशात किती नावे, म्हणून विचारले. एकेचाळीस.

एक मूल गेले होते.

कोण गेले, हे शोधायला संचासारखे भांडे नाही. हजेरीपटावरून नावांची यादी केली, तिचा संच केला, आणि त्यातून कोशातल्या किल्ल्या वजा केल्या. जे उरेल ते हरवलेले मूल. उत्तर आले, रिकामा संच. म्हणजे हजेरीपटावरचे प्रत्येक नाव कोशात होते. कुणी हरवलेले नव्हते, आणि तरी एक कमी होते. मी बराच वेळ त्या रिकाम्या कंसाकडे पाहत बसले. मग यादीची लांबी विचारली, बेचाळीस. त्याच यादीच्या संचाची लांबी विचारली, एकेचाळीस. संचात एक वस्तू एकदाच.

अंगावर काटा आला, असे कथांतून लिहितात. मला तसे काही झाले नाही. मला त्या दहा-दहाच्या नोटा दिसल्या.

रात्रीच भाचीला फोन केला. "अगं, एवढी मोठी चूक, आणि यंत्रानं मला सांगितलं कसं नाही?"

"मावशी, त्याच्या दृष्टीनं चूक झालीच नाही. कोशात नवी नोंद करायची असो की जुनी बदलायची असो, लिहायचं वाक्य एकच. किल्ली नसेल तर तो नवा खण करतो, असेल तर आतलं काढून टाकतो आणि नवीन ठेवतो. तू सायलीचे चारशेचे दोनशे केलेस, असं त्याला वाटलं."

मी पडताळून पाहिले. नसलेली किल्ली मागितली तर हा कोश मोठ्याने तक्रार करतो. असलेल्या किल्लीवर दुसऱ्याचे ओझे ठेवले तर चकार शब्द काढत नाही. इतकेच नव्हे, खणाची जागासुद्धा तीच राहते. पायथॉनच्या २०१८ साली आलेल्या आवृत्तीपासून कोशातला क्रम हा नोंदी झाल्या त्याच क्रमाने राहील, अशी हमी भाषेनेच दिली आहे. थोरली सायली माझ्या कोशात वरून तिसरी होती. धाकटीचा आकडा तिसऱ्याच जागी जाऊन बसला. ओळीत कुठे भगदाड नाही, कुठे खाडाखोड नाही. वहीत मी दुसऱ्यांदा 'सायली' लिहिले असते, तर वरची ओळ डोळ्यांना दिसली असती. निदान दोन ओळी झाल्या असत्या.

मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे एक नियम माझ्या हाडीमासी भिनला आहे. दोन पात्रांना एकच नाव देऊ नये. वाचकाचा गोंधळ होतो. माझा कोश मी त्या नियमाने केला होता. वर्ग म्हणजे माझी कादंबरी नव्हे, आणि आईबापांनी नावे ठेवली ती मला विचारून नव्हेत, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

रविवारी मी थोरलीच्या घरी गेले. तिची आई भांगलायला गेली होती, ती येईपर्यंत ओसरीवर बसले. आल्यावर मी सगळे सांगितले. कोश, किल्ली हे शब्द न वापरता सांगितले, आणि दोनशे रुपये पुढे केले. तिने ते लगेच घेतले नाहीत.

"पोरगी म्हणत हुती, आई, आपण दिल्यात म्हणून," ती म्हणाली. "म्याच तिला गप केली. म्हटलं, बाईंच्या मशीनीत आलंय तर आपलीच चूक असंल."

मग तिने पैसे घेतले, मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले. मला चहा दिला. ती माझ्यावर रागावली नाही, आणि ते मला अधिक जड गेले. मुलगी खरे बोलत होती, आईला ते ठाऊक होते, आणि तरीही दोघींनी मिळून स्वतःला खोटे ठरवले होते. कारण माझ्या हातात वही नव्हती, यंत्र होते. वहीशी ती बाई भांडली असती. 'बाई, नीट बघा की, पहिल्या दिवशी दिल्यात,' असे म्हणाली असती. आणि ते वाक्य म्हणण्याची हिंमत तिच्याकडून मी, नकळत का होईना, काढून घेतली होती.

धाकटीचे दोनशे अजून यायचे होते. तिच्या घरी कुणी मागितलेच नाहीत, म्हणून कुणी दिले नाहीत. त्यांनी ते पुढच्या आठवड्यात आणून दिले. हिशेब पुन्हा सोळा हजार आठशे झाला. तोच आकडा, पण मधल्या काळात तो खोटा होता आणि आता खरा होता. बेरीज बरोबर येणे आणि प्रत्येकाचे बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतकी वर्षे मुलांना शिकवले नाही. मलाच ते माहीत नव्हते.

दुरुस्ती काय करावी, याचा मी पुष्कळ विचार केला. भाचीने सुचवले, नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा टपल करून तीच किल्ली कर. युक्ती चांगली होती. पण आमच्या गावात एका आडनावाची अर्धी आळी आहे, आणि आजोबांची नावे नातवांना ठेवण्याची चाल आहे. आज नाही तर उद्या तिन्ही जुळतील. शेवटी मी मुख्याध्यापकांच्या कपाटातले जनरल रजिस्टर मागून घेतले. त्यात प्रत्येक मुलाला एक नंबर असतो. मूल शाळेत आले की पुढचा नंबर त्याचा. ते शाळा सोडून गेले तरी तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दाखल्यावर तो लिहिलेला असतो, आणि पन्नास वर्षांनी म्हातारा माणूस जन्मतारखेचा पुरावा मागायला आला तरी त्याच नंबरावरून त्याचे पान उघडते. पायथॉन जन्मायच्या कितीतरी आधी कुणा कारकुनाला हे कळले होते, की नाव ही हाक मारायची गोष्ट आहे, ओळख पटवायची नव्हे.

ज्या आकड्यावर मी कादंबरीभर राग धरला होता, त्याच्यापुढे मला मान तुकवावी लागली. आकडा माणसाला पुसतो, असे मी म्हणत आले. माझ्या वर्गात एका मुलीला पुसले ते तिच्या नावाने. आणि तिला जागेवर बसवले ते आकड्याने. आकडा क्रूर असतो ते माणूस म्हणजे एवढेच, असे समजल्यावर. नुसती किल्ली म्हणून ठेवला तर तो प्रत्येकाची जागा राखतो. माझ्या नव्या कोशात आता किल्ली म्हणजे रजिस्टर नंबर आहे आणि आत, दुसऱ्या महिरपीत, नाव, आईचे नाव, भरलेले पैसे. आणि नवी नोंद करण्यापूर्वी ही किल्ली आधीपासून आहे का, हे यंत्राला विचारणारी एक ओळ मी घातली आहे. असली, तर ते थांबते आणि मला विचारते. आता ते गप्प बसत नाही. त्याला मीच बोलायला शिकवले. गप्प बसायलाही मीच शिकवले होते.

वर्गापुढे मी चूक सांगितली. मुलांना मोठी गंमत वाटली. मधल्या सुटीत थोरली माझ्या टेबलापाशी आली आणि उभी राहिली.

"बाई, मग मी कुठं गेले होते?"

यंत्राच्या भाषेत याचे उत्तर आहे. जुना आकडा टाकून दिला जातो, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाला तरी वापरली जाते. पण बारा वर्षांच्या मुलीला ते कसे सांगायचे?

"कुठंच नाही," मी म्हटले. "तू पहिल्या बाकावरच होतीस. मी बघितलं नाही."

तिला ते पटले की नाही, ठाऊक नाही. तिने आपला रजिस्टर नंबर विचारला. मी पाहून सांगितला. तिने माझेच पेन घेतले, तो नंबर तळहातावर लिहिला, मूठ मिटली आणि धाकटीला दाखवायला पळाली.